सात प्रवचनं आणि तांदळाचं पीठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या मिशन बोर्डिंगच्या स्वयंपाकीण मावशींकडे बोट दाखवतो. आई गेल्यावर वडील ऊसतोडीला जायचे आणि मी सुट्टीतही बोर्डिंगमध्येच राहायचो. बाकीची मुलं घरी गेली की मावशी मला चुलीपाशी बसवायच्या. त्या भाकरी थापायच्या आणि मी धडा मोठ्यानं वाचायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण मी एखादी ओळ गाळली की तव्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "मागं जा." पुढे मलाही परात मिळाली. दहावीत असताना मी साठ मुलांच्या भाकऱ्या करू शकत होतो.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या स्वयंपाकघरामुळे. कॉलेजात मात्र हे कोणाला कळू दिलं नाही. मनगटावरच्या तव्याच्या डागाबद्दल विचारलं, तर लहानपणी भाजलं होतं, एवढंच सांगायचो.

बोर्डिंगच्या जेवणघरात एक जुनं चित्र होतं. गुडघाभर बर्फातून, वादळात वाकून चालणारा एक मिशनरी. सेवा म्हणजे ते, असं माझ्या मनात लहानपणापासून ठसलं होतं. त्यामुळे बहारीनच्या मराठी ख्रिस्ती मंडळीनं सेवासप्ताहासाठी कोणालातरी पाठवा असं कळवलं आणि आमच्या मंडळीनं मला निवडलं, तेव्हा मी आठवडाभर नीट झोपलो नाही. तेव्हा मी मिशनच्या शाळेत कारकून होतो. या आठवड्याचा अहवाल तिकडून चांगला आला, तर मला पूर्णवेळ सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, नेमायचं, नाहीतर कारकुनी आहेच, असं ठरलं होतं. अहवाल आमच्या चर्चमध्ये रविवारी सर्वांसमोर वाचला जाणार होता.

निघताना मावशींना भेटलो. तिकडं जाऊन काय करणार, असं त्यांनी विचारलं.

"सात प्रवचनं," मी म्हणालो. सातही लिहून काढली होती.

"आणि माणसं जेवली का, हे कोण विचारणार?"

मी हसलो आणि बॅग उचलली.

बहारीनमधल्या सनद या वस्तीत तिथल्या मंडळीच्या एका पंचांच्या घरी माझी सोय होती. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. साठीचे, मूळचे नगरचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. त्यांची बायको नर्स. पहिलं प्रवचन सोमवारी संध्याकाळी त्यांच्याच हॉलमध्ये झालं. ग्रंथांतली सगळी मराठी मी त्यात ओतली होती. लोक अदबीनं बसले होते. मी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा पुढच्या एका मुलीनं वडिलांना विचारलं, "डॅडी, इज इट ओव्हर?" वडिलांनी तिला दटावलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता.

मंगळवारी दुपारी आभाळ काळं झालं. आधी धुळीचा लोट, मग पाऊस, आणि पावसात गारा. पाहता पाहता समोरचं वाळूचं मैदान पांढरं झालं. पंचांनी गॅलरीतून मोबाइलवर फोटो काढले. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाले. मला ते चित्र आठवलं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, आपलं वादळ आलं.

पण पाऊस थांबेना. तिथल्या रस्त्यांना एवढं पाणी वाहून न्यायची सवय नाही. जुफैर या दुसऱ्या वस्तीतली सभा रद्द झाली, मग जनाबियाची. गाड्या पाण्यात बंद पडल्या होत्या. पंचांची बायको हॉस्पिटलात डबल शिफ्टला अडकली. मी खोलीत बसून सहा प्रवचनं पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि अहवालाची काळजी करत होतो.

बुधवारी सकाळी तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं. खाली कोकणातले एकोणीस जण राहायचे. ड्रायव्हर, प्लंबर, एसीवाले. पंचांनी सगळ्यांना वर बोलावलं. गाद्या जिन्यात, बुटांचा ढीग दारात, आणि हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं. दुपारचे दोन वाजले तरी त्यांचं जेवण आणणारी मेसची गाडी आली नाही. राजापूरच्या एका ड्रायव्हरनं फोन केला आणि ठेवताना म्हणाला, "जेवण खलास. इंशाल्ला उद्या."

पंचांना चहासुद्धा येत नव्हता. घरात डाळ होती, कांदे होते. त्या एकोणिसांतले रत्नागिरीचे एक मुसलमान गृहस्थ किराणा दुकानात क्लार्क होते. त्यांनी दुकानातून, पाण्यातून डोक्यावर धरून आणलेलं पिठाचं पोतं ओट्यावर ठेवलं. मावशींचा प्रश्न तेव्हा माझ्या कानात पुन्हा वाजला. मी बाह्या सरसावल्या.

पीठ परातीत घेतलं, गार पाणी घातलं आणि जोरात मळायला लागलो. पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी तव्यावर तीन ठिकाणी तुटली. दारात माणसं जमली.

"पाद्रीसाहेब," रत्नागिरीकर शांतपणे म्हणाले, "ही ज्वारी नाय, तांदूळ हाय. आधी उकड काढावी लागते."

राजापूरवाला म्हणाला, "आमच्या आवशीने बघितलं तर परात ओढून घेईल."

सगळे हसले. मीही हसलो. साठ मुलांच्या भाकऱ्या करणारा मी, पण आमच्याकडे सगळी ज्वारीच. रत्नागिरीकरांनी पाणी उकळलं, मीठ घातलं, पीठ वाफवून मला दिलं. बोटं भाजत होती, पण दहाव्या भाकरीनंतर हात बसला. मग मी थांबलोच नाही. त्या हसणाऱ्यांचा आवाजही हळूहळू बदलला.

"हा हात सवयीचा हाय," रत्नागिरीकर म्हणाले. "कुणी शिकवलं? आईनं?"

'हो, आईनं' असं सोपं उत्तर तोंडात तयार होतं. ते आलं नाही.

"बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंनी," मी म्हणालो. "मी त्यांच्या चुलीपाशीच वाढलो."

कोणाला त्यात नवल वाटलं नाही. राजापूरवाल्यानं ताट पुढं केलं आणि म्हणाला, "मग बाईंच्या नावानं आणखी एक वाढा."

पाणी शनिवारी उतरलं. तोपर्यंत दोन्ही वेळच्या भाकऱ्या मीच केल्या. उकड रत्नागिरीकरांची, थापणं माझं. रविवारी विमानतळावर सोडताना पंच अवघडून म्हणाले की अहवालात एकच सभा कशी लिहायची, सेवासप्ताह पार पडला असं मोघम लिहितो, तुमचं नुकसान नको. त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हणालो, एकच लिहा. बाकीचं मी कळवतो.

विमानाला तीन तास होते. तिथंच बसून मी मावशींना पत्र लिहिलं. मावशींना वाचता येत नाही, त्यांना आलेलं पत्र आमच्या चर्चचे पाळकच वाचून दाखवतात. म्हणून पाळकांना विनंती केली की अहवालासोबत हे पत्रही सर्वांसमोर वाचावं. मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. पाळकांनी पुढच्या रविवारी ते वाचलं. मावशी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होत्या. पुढे माझी नेमणूक झाली, पण तो रविवार मला तिच्याहून मोठा वाटतो. पत्र असं होतं:

मावशींना, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

सातपैकी एकच प्रवचन झालं, आणि तेही लोकांना लांबलं. बाकीचे दिवस पाऊस होता. गाराही पडल्या, जमीन जेवणघरातल्या चित्रासारखी पांढरी झाली होती.

तुम्ही विचारलं होतं, माणसं जेवली का. जेवली. एकोणीस जण, चार दिवस. पीठ तांदळाचं होतं. मी ज्वारीसारखं मळलं आणि सगळी फजिती झाली. त्याची आधी उकड काढायची असते. तुम्हालाही हे माहीत नसेल, आल्यावर मी तुम्हाला शिकवीन.

त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं. मी तुमचं सांगितलं. कॉलेजात कधी सांगितलं नव्हतं, त्याची आज सगळ्या मंडळीसमोर माफी मागतो.

तुमच्या नावानं एका ड्रायव्हरनं एक भाकरी जास्त खाल्ली.

पाळकसाहेबांनी एखादी ओळ गाळली तर त्यांना मागं जायला सांगा.

तुमचं लेकरू.