जरा बाहेर येता का?

कऱ्हाडच्या माझ्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच जीभ बाहेर काढायचे. "अहो थांबा, आधी काय होतंय ते तरी सांगा," असं मी रोज म्हणायचे आणि रोज वैतागायचे. स्टुटगार्टला आल्यावर त्याच जिभांसाठी माझा जीव किती तुटला, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

नवऱ्याला तिथल्या एका गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून आम्ही गेलो. परदेशी डॉक्टरांसाठीचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता आणि मला वाटलं, आपलं काम सोपं आहे. दहा वर्षांची प्रॅक्टिस, महाराष्ट्राची नोंदणी, आणखी काय हवं? शेजारच्या कर्नाटकात गेले असते तर नुसती नोंदणी बदलून कामाला लागले असते. इथे आधी रोजची जर्मन, मग डॉक्टरांची जर्मन, आणि शेवटी ज्ञानपरीक्षा. त्या परीक्षेत खराखुरा पेशंट तपासायचा आणि मग परीक्षकांना तोंडी उत्तरं द्यायची. पास झालं तर आप्रोबाट्सिओन, म्हणजे कायमचा परवाना. संधी तीन. तिन्ही गेल्या की डॉक्टरकी संपली.

तयारीसाठी एका हॉस्पिटलात नुसतं बघायची परवानगी मिळाली. पेशंटला हात लावायचा नाही. राउंडच्या वेळी मी हात मागे बांधून सगळ्यांच्या मागे उभी. उपाशी माणसाला पंगतीत पत्रावळी मोजायला उभं करावं, तशी गत. समोरच्या बाईचं पोट कुठे दुखतंय ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि बोटं शिवशिवायची. घरी येताना एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, मी कधी कधी स्वतःचीच नाडी धरून बसायचे. लेकीला शाळेत कुणी विचारलं तर ती जर्मनमध्ये सांगायची, "आई पूर्वी डॉक्टर होती." चूक काहीच नव्हतं त्यात. मला मात्र ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही.

पहिल्या परीक्षेला मला सत्तरीचे एक आजोबा मिळाले. डोळे हळदीसारखे पिवळे, वजन उतरलेलं, दुखणं नाही. शेजारी बायको बसलेली. पोट तपासताना फुगलेलं पित्ताशय हाताला लागलं आणि काय ते कळलं: स्वादुपिंडाचा कॅन्सर. किती दिवसांनी माझ्या हातांना काहीतरी कळलं होतं! त्या आनंदात मी हवेत होते. आजोबांनी विचारलं, "काय वाटतं तुम्हाला, डॉक्टर?"

मी हसून म्हणाले, "काळजी करू नका, होईल सगळं ठीक." आणि आजींकडे वळून म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर येता का?"

कऱ्हाडला मी हेच तर करत आले होते. वाईट बातमी मुलाला सांगायची, जावयाला सांगायची, दाराबाहेर, हळू आवाजात. पेशंटला कधी नाही. "त्यांना कळू देऊ नका हं डॉक्टर," हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नसे, आणि न कळू देणं ही माया आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. मला तर नव्हतीच.

आजोबा उशीवर कोपर टेकवून जरासे उठले. म्हणाले, "आजारी मी आहे, ती नाही. जे आहे ते मला सांगा."

मला सांगता आलं नाही. शब्द पाठ होते, पण तोंड उघडेना. परीक्षक वाट बघत राहिले आणि मग त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर तोंडी उत्तरं ऐकून मला नापास करताना त्यांच्यातले एक जण एवढंच म्हणाले, "तुमचं निदान अचूक आहे, पण ते तुम्ही चुकीच्या माणसाला द्यायला निघाला होतात."

पुढचे काही महिने मी सांगायचा सराव केला. नवरा किचनच्या खुर्चीवर बसून पेशंट व्हायचा. "डॉक्टर, खरं सांगा, पण आधी चहा टाका," असलं काहीतरी बोलून मला हसवायचा. याच दिवसांत भावाचा फोन आला. बाबांच्या जठरात गाठ निघाली होती, लिव्हरपर्यंत पोचलेली. "त्यांना अल्सर म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "तूही तेच म्हण. ते तुलाच विचारणार."

मी पोराला दटावावं तसं त्याला काहीतरी बोलणार होते. पण रडायलाच आलं. मी म्हणाले, "बरं."

बाबांनी एसटी स्टँडवर आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारलेल्या. स्काइपवर तोच आवाज आता इतका खाली गेला होता की मी लॅपटॉपला कान लावायचे. अल्सर, बाबा. गोळ्या घ्या, बाबा. तिखट कमी खा. दर रविवारी मी हे म्हणत राहिले, आणि दर रविवारी वाटायचं की उठावं, विमानात बसावं, त्यांच्या पोटावर हात ठेवावा. पण दुसरी परीक्षा तोंडावर होती आणि बाबाच म्हणायचे, "आधी पास हो, मग ये."

दुसऱ्या परीक्षेतल्या बाईंना मी खुर्ची जवळ ओढून बसून सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं, थोडा वेळ माझा हात धरून ठेवला. मी पास झाले.

बाबांना लगेच स्काइप लावला. भाऊ औषधं आणायला गेला होता, ते एकटेच होते. खूप खूश झाले. मग म्हणाले, "म्हणजे आता तू तिथे पेशंट तपासू शकतेस?"

"हो बाबा."

"मग मला तपास." त्यांनी मनगट पुढे केलं, कॅमेऱ्याच्या इतकं जवळ की पडद्यावर नुसती एक शीर दिसत होती. मला ती धरता येत नव्हती. एवढा परवाना मिळाला होता आणि मला माझ्या बापाची नाडी धरता येत नव्हती.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. गाठ कुठे आहे, कुठवर पोचली आहे, काय होऊ शकतं आणि काय नाही. मी कुठेही थांबले नाही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"अंदाज होताच," ते शेवटी म्हणाले. बाहेर फाटकाचा आवाज झाला तसे ते पुढे वाकले आणि घाईघाईने कुजबुजले, "तुझ्या भावाला सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. त्याला झेपायचं नाही."