डेस्मंड सग्डेनचा खड्डा

आमच्या हॅदरशॉ गावात कालव्याकाठच्या वाटेबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वाट खराब आहे. दुसरा म्हणतो, ती पूर्वी याहून खराब होती. डेस्मंड सग्डेन दोन्ही पक्षांत होता, आणि दोन्हीकडचे लोक त्याला जरा टाळतच असत, कारण तो पुरावे द्यायचा.

या वाटेवरून एकेकाळी घोडे चालत आणि दोराने कोळशाच्या होड्या ओढत. घोडे गेले, कोळसा गेला. पुलांच्या कमानींना दोर घासून पडलेल्या खाचा तेवढ्या राहिल्या. आता त्या वाटेवर कुत्री, बाबागाड्या, मासे धरणारे आणि सायकलवाले आपापला हक्क सांगतात. मासे धरणाऱ्यांची काठी इतकी लांब असते, की मासा जवळ आणायचा तर ती मागे सरकवत सरकवत वाट ओलांडून पार कुंपणात घालावी लागते. सायकलवाल्याने दुरून घंटी वाजवायची, उतरायचं, काठी हलेपर्यंत हवामानावर दोन वाक्यं बोलायची आणि आभार मानून पुढे जायचं, अशी रीत आहे. डेस्मंड हवामानाऐवजी वाटेच्या पृष्ठभागावर बोलायचा, म्हणून त्याच्यासाठी काठ्या जरा लवकर हलत.

पेशाने तो कवळ्या करायचा. दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून त्याने अर्ध्या गावाच्या तोंडाचे साचे हाताळले होते. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. याने सायकल घेतली आणि जबड्याकडे बघायची सवय वाटेवर आणली. कुठे झीज आहे, कुठे दाब जास्त पडतोय, शेजारचा दगड कशामुळे हलला, असं त्याचं चाले. चिखलाचा भाग आला की बाकीचे शिव्या देत. हा उतरायचा, गुडघ्यावर बसायचा आणि बोटाने उकरून बघायचा.

त्याचा मुख्य विषय म्हणजे टॅनरी पुलाखालचा खड्डा. तिथे कमान ठेंगणी आहे, वाट अरुंद आहे आणि बाजूला लगेच पाणी. खड्डा नेमका असा, की चुकवायला डावीकडे गेलं तर डोकं दगडाला आणि उजवीकडे गेलं तर सायकल कालव्यात.

"खड्डा इथेच का?" तो मला विचारायचा. "दोन हात अलीकडे का नाही?"

"डेस, खड्डा कुठेतरी असणारच ना."

"कुठेतरी असं काही नसतं रे. दात किडतो तो कारणाने किडतो."

कारणं त्याने बरीच काढली. कमानीतून ठिबकणारं पाणी. घोडे इथे दोर सैल व्हायची वाट बघत उभे राहायचे म्हणून खालची माती दबलेली. सगळे सायकलवाले डोकं वाकवून इथेच ब्रेक मारतात. एकदा तो कागदी नावा घेऊन आला आणि पाऊस पडत असताना त्या खड्ड्यात सोडून बघत बसला, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते. येतं कुठून ते कळलं. जातं कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही. कालव्याच्या कार्यालयाला तो नियमाने कळवायचा, आणि कार्यालय नियमाने उत्तर द्यायचं, की आपली सूचना आमच्यासाठी फार मोलाची आहे. इतकी मोलाची वस्तू कोणी वापरून संपवत नाही.

गेल्या पानगळीत डेस्मंड आजारी पडला आणि पानं पुरती झडायच्या आत गेला. त्याची बायको डोरीन मला त्यांचं इस्पितळातलं शेवटचं बोलणं नंतर सांगत होती. आमच्याकडे हल्ली बहुतेकांना जाळतात आणि राख घरी आणून देतात. मग कोणी ती टेकडीवर उधळतं, कोणी गुलाबांना घालतं, आणि कालव्यावर रमलेली माणसं कालव्यात सोडतात. डोरीनलाही तसंच वाटलं होतं.

"मला पाण्यात टाकू नकोस," डेस्मंड म्हणाला. "पाण्याला भर घालायची गरज नाहीये."

"मग कुठे घालू तुला?"

"खड्ड्यात."

"मी हसले," डोरीन म्हणाली, "आणि हा मिश्रण सांगायला लागला. राख, चुनखडीचा चुरा, थोडंसं सिमेंट. एकदम ओतायचं नाही, थर देत धुमसाने ठोकायचं. मला म्हणतो, म्हणून दाखव. शाळेतल्या पोरीसारखं म्हणून घेतलं माझ्याकडून! माणूस मरायला टेकलाय, आणि मी आपली थरांचा पाठ म्हणतेय."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लग्नापासून त्याने एवढी एकच गोष्ट मागितली माझ्याकडे. बाकी सगळं कार्यालयाकडे मागायचा."

अंत्यविधीला कालव्याच्या कार्यालयातून फिलिपा नावाची तरुण अधिकारी आली होती. नवीनच लागलेली, मनाने चांगली, शोकाच्या कपड्यांवरही सायकलचं हेल्मेट हातात. धर्मगुरूंनी भाषणात डेस्मंडच्या चिकाटीचं वर्णन करताना खड्ड्याचा उल्लेख केला. लोक हसले, फिलिपाच्या डोळ्यांत पाणी आलं. राख हाती यायला थोडे दिवस लागतात. तेवढ्यात तिने माणसं आणि डांबर पाठवून टॅनरी पुलाखालचा खड्डा भरून टाकला. श्रद्धांजली म्हणून. आणि उत्तम भरला, हे डेस्मंडच्या वतीने सांगायला हवं. कडा चौकोनी कापून, वर रोलर फिरवून. शिवाय तिने डोरीनला फोन करून सांगितलं, की पावसाळी दिवस सरले की पुलापासून वरच्या गिरणीपर्यंतची सगळीच वाट नवी करणार आहोत.

दुसऱ्या कुठल्या देशातली बाई रडली असती, नाहीतर भांडली असती. डोरीनने फिलिपाचे आभार मानले आणि तिला आल्याचा केक पाठवला.

"अगं, सांगायचं तरी तिला!" मी म्हणालो.

"काय सांगू? तू माझ्या नवऱ्याची जागा बुजवलीस म्हणून? ती पोर किती खूश होती."

अशा रीतीने डेस्मंड घराविना राहिला. दाहगृहाने त्याला मुलांच्या गोळ्यांच्या बरणीसारख्या दिसणाऱ्या एका प्लास्टिकच्या बरणीत दिलं होतं. डोरीनने ती सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवली, मागे चुनखडीच्या चुऱ्याची पिशवी बांधली, आणि एका कोरड्या सकाळी माझ्या दारात उभी राहिली.

"चल. खड्डा शोधायचाय. वाट नवी केली की एकही मिळायचा नाही."

ज्या माणसाने जन्मभर खड्डे नाहीसे व्हावेत म्हणून जीव टाकला, त्याच्यासाठी ते संपायच्या आत एक मिळवायचा होता. मी सिमेंट आणि थर ठोकायचा धुमस घेतला.

टॅनरी पुलापासून निघालो. सुरुवातीला राखाडी बारीक खडीचा भाग आहे. सायकल त्यावरून सरळ जाते, फक्त आवाज होतो. तिथे खड्डे होते, पण बशीएवढे.

"यात त्याचे बूटसुद्धा मावायचे नाहीत," डोरीन म्हणाली.

पुढे जुन्या विटांची वाट. चढावर घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून आडव्या विटा उंच बसवल्या आहेत. सायकलवर बसून तिथे बोललं तर प्रत्येक शब्दाचे तुकडे होतात. टोपलीतली बरणी खुळखुळायला लागली. डोरीनने एक हात तिच्यावर ठेवला आणि म्हणाली, "हो हो, मला दिसतंय. गप्प बस."

विटा संपल्यावर एक देखणा खड्डा लागला. लांबट, खोल, तळाशी पाणी नाही. आम्ही उतरलो. मी आत हात घालून बघत होतो, एवढ्यात झुडपामागून आवाज आला.

"तो माझा आहे."

मासे धरणारा ट्रेव्हर हिंचक्लिफ होता. झुडपाआड पेटीवर बसला होता, काठीचं मागचं टोक त्याच खड्ड्यावरून कुंपणात गेलेलं.

"खड्डा कधीपासून कोणाचा असायला लागला?" डोरीन म्हणाली.

"हे बघ डोरीन, या खड्ड्यामुळे सायकलवाले इथे हळू होतात. म्हणून माझी काठी अजून अखंड आहे. हा बुजवलास तर आठवड्यात कोणीतरी तिचे दोन तुकडे करणार. आणि टोपलीत काय आहे? गोळ्या?"

"डेस्मंड आहे."

ट्रेव्हरने टोपी काढली. तो बरणीकडे वळला. "नमस्कार, डेस," म्हणाला. मग टोपी घातली. "तरीपण नाही. हा सोडून."

"तुला काय हरकत आहे रे? तुझ्याशी कितीदा बोलायचा तो."

"तेच तर. आत्ताच तर शांतता मिळालीय."

डोरीन हसली. डेस्मंड गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ट्रेव्हरने काठी मागे ओढून घेतली, आणि आम्ही निघताना सांगितलं, "विणकर पुलाच्या पलीकडे बघा. तिथे एक आहे. मी स्वतः त्यात पडलोय, दिवसाढवळ्या, दारू न पिता."

विणकर पुलापर्यंत नुसता चिखल. कडेने सायकल ढकलत नेली. झाडांची मुळं वर आलेली, त्यांच्या मधे पानं कुजून लापशी झालेली. डोरीन ढकलता ढकलता अचानक थांबायची आणि एखाद्या ठिकाणी बुटाच्या टाचेने दाबून बघायची. मला गंमत वाटली. लग्नानंतरची सगळी वर्षं ती डेस्मंडच्या मागून याच वाटेवर आली, आणि खड्ड्याचं नाव निघालं की ढगांकडे बघायची.

"हे तू कधी शिकलीस?"

"शिकले कुठे? कानावर पडत होतं. रेडिओ चालू असतो तसं."

ट्रेव्हरचा खड्डा खरोखर होता. पुलाच्या सावलीतून वाट उजेडात येते तिथे, वळणावर. डोळे दिपतात आणि चाक आत जातं. बाजूला कालवा आहेच. डोरीन त्याच्याभोवती फिरली, गुडघ्यावर बसली, आणि कडेची माती बोटाने उकरू लागली. पुष्कळ वेळाने तिने वर बघितलं.

"इथेच का, हे कळतंय मला," ती म्हणाली. "पुलावरच्या रस्त्याचं पाणी या फटीतून उतरतं. ते बघ. आधी ते पाणी वळवायला हवं, नाहीतर हा वर्षभरात वाहून जाईल."

आम्ही कामाला लागलो. परवानगीचा प्रश्न आमच्या देशात एका पिवळ्या चमकत्या जाकिटाने सुटतो. जाकीट घालून आणि रस्त्यावरचा तो नारिंगी शंकू बाजूला ठेवून माणूस राजवाड्याचं फाटकही उचलून नेऊ शकेल. लोक फक्त चहाची विचारपूस करतील. जाकिटं डेस्मंडचीच होती, शंकू मी आणला होता. जाणारे येणारे म्हणाले, "चला, शेवटी आलात एकदाचे!" आणि "अर्धा तास काम, चार तास चहा, काय?" डोरीनने सगळ्यांना मान डोलावली.

पाण्याला दगड लावून कालव्याकडे वाट करून दिली. खड्डा साफ केला. तिने बरणीचं झाकण उघडलं तेव्हा मी पुलाकडे बघत राहिलो. राख, चुरा, सिमेंट, थोडं पाणी. पहिला थर झाला, दुसरा झाला. धुमस तिने मला धरू दिला नाही. तिसऱ्या थरावर ती हळूहळू ठोकत होती, तेवढ्यात मागे घंटी वाजली.

फिलिपा होती. सायकलवरून वाटेची पाहणी करत निघालेली.

"मिसेस सग्डेन?" ती खाली उतरली. शंकूकडे बघितलं, जाकिटांकडे बघितलं. "हे... तुम्ही काय करताय?"

कार्यालयाच्या वाटेत परक्याने सिमेंट ओतणं हा गुन्हा आहे, आणि ते उकरून काढायचा अधिकार फिलिपाला होता. डोरीनच्या हातातला धुमस अर्ध्यावर थांबला. खरं सांगितलं असतं तर डेस्मंड वाचला असता; पण मग टॅनरी पुलाखालची ती देखणी श्रद्धांजली त्या पोरीला जन्मभर खुपली असती.

"खड्डा भरतेय, बाळ," डोरीन म्हणाली. "जुन्या पद्धतीने. गिरण्या होत्या तेव्हा बॉयलरची राख घालायचे ना वाटेवर? तशी राख मिळाली थोडी."

"मूळची राख?" फिलिपाचे डोळे चमकले. ती वाकली, चिमूट उचलून बोटांत चोळली. "किती बारीक आहे! आता कुठे मिळते ही?"

"फार नाही मिळत. एवढीच होती."

"पण मला नियमाने हे..." ती थांबली. ठोकलेल्या थराकडे बघितलं, वळवलेल्या पाण्याकडे बघितलं. "पाणी तुम्ही वळवलंत? आमच्या माणसांना हे सुचलं नव्हतं." मग उभी राहिली आणि बुटाने थर दाबून पाहिला, दोनदा. "घट्ट आहे. मिसेस सग्डेन, वाट नवी करू तेव्हा हा तुकडा आम्ही तसाच ठेवू. नमुना म्हणून."

"ठेवशील?"

"शब्द देते. पाटी लावू का?"

"नको गं. पाटी कशाला. लोक थांबून वाचत बसतील आणि मागून कोणीतरी येऊन धडकेल."

फिलिपा गेली. शेवटचा थर डोरीनने घातला, हाताने सपाट केला आणि ओलं पोतं अंथरलं. शंकू तिथेच ठेवून आम्ही घरी गेलो.

सिमेंट पुरतं धरलं असेल त्या दिवशी पुन्हा आलो. पोतं काढलं. करडा, सपाट, कडेशी अगदी समतल. कवळी करणाऱ्याने बोट फिरवून पाहावा असा जोड. मी शंकू उचलला. डोरीन सायकल घेऊन पुलाच्या पलीकडे गेली आणि सावलीतून उजेडात, वळणावर, त्याच्यावरून गेली. पुढे जाऊन तिने ब्रेक मारला आणि एक पाय टेकून उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही कळलंच नाही."

"म्हणजे उत्तम झालंय. तो हेच म्हणाला असता."

"तो म्हणाला असता," डोरीन म्हणाली. सायकल वळवली. "सरक जरा. मी परत जाऊन बघते."

ती पुन्हा त्यावरून गेली, या खेपेला अगदी सावकाश, हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून. मग परत वळली. पाठीमागे दोन सायकलवाले येऊन थांबले होते. त्यांनी घंटी वाजवली नाही. हवामान बरं आहे, असं मला म्हणाले, आणि तिची फेरी संपायची वाट बघत उभे राहिले.