खुडूक काळी

हुडकेश्वरच्या प्रेमानंदरावांनी चार संकरित तांबड्या कोंबड्या आणल्या, तेव्हापासून त्यांची मान ताठ झाली होती. तांबड्या रोज अंडं द्यायच्या. त्यांच्या बायकोची, मीराबाईंची, गावरान काळी मात्र खुडूक झाली होती. अंडी देणं सोडून ती रिकामी टोपलीच उबवत बसायची आणि हात लावला की चोच मारायची.

"फुकटचे दाणे खाऊन राहिली. रविवारी हिचा रस्सा," प्रेमानंदराव म्हणाले.

"हात तर लावा तिले!" मीराबाई उसळल्या. "नातीले पिल्लं कबूल केली ना तुम्ही? मंग अंड्यांवर बसवा तुमच्या तांबडीले. बसली तर मीच मसाला वाटते."

घरात गावरान कोंबडा होताच, त्यामुळे अंड्यांतून पिल्लं निघण्यासारखी होती. प्रेमानंदरावांनी दुसऱ्या टोपलीत भुसा पसरला, अंडी मांडली आणि तांबडीला वर ठेवलं. तिनं आणखी एक अंडं दिलं आणि उडी मारून दाण्याकडे पळाली. दुसरीनं तेच केलं. तिसरी-चौथी तर अंडी तुडवूनच गेल्या.

"अवं, बस न वं माय!" ते विनवत होते आणि शेजारी कुंपणावरून हसत होते.

शनिवारी मीराबाई बाजारात गेल्यावर त्यांनी उरलेली अंडी गुपचूप काळीपुढे ठेवली. काळीनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढलं, पंख पसरले आणि डोळे मिटले.

रविवारी मीराबाईंनी पाटा धुतला. "वाटू का मसाला?"

"वाट," काळीपुढे पाण्याची वाटी सरकवत प्रेमानंदराव म्हणाले, "वांग्याच्या भाजीचा."