आधी गूळ, मग नात

मी फेटा बांधतो. नोकरी केली ती वेगळीच, पण आमच्या पेठेत कुणाचंही लग्न असलं की सकाळी सकाळी बोलावणं येतं, आणि मी नवरदेवापासून त्याच्या लांबच्या मामापर्यंत सगळ्यांची डोकी सजवून टाकतो. मी बांधलेला फेटा वरातीत कितीही नाचलं तरी सुटत नाही. हे मी स्वतःच सांगतोय, कारण सांगायला इथं दुसरं कुणी नाही. त्यामुळे मुलीनं जेव्हा ते पट्ट्या-बकलांचं बेबी कॅरियर माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, हे बांधायला शिकायला लागंल तुम्हाला," तेव्हा मला हसूच आलं. मला बांधायला शिकवणार ही!

पण तिला हसू आलेलं नव्हतं. ती बँकेत नोकरीला आहे आणि बाळंतपणाची रजा संपत आली होती. जावई दिवसभर कारखान्यात. त्याची आई गावाकडं, नेसरीला, शेती आणि म्हशी सोडून ती येणार कशी? माझ्या बायकोचे गुडघे असे, की ती स्वतःला उठवते तेच पुष्कळ. राहिलो मी. रिटायर, धडधाकट आणि रिकामा. आता नातीची तऱ्हा अशी, की दिवसा तिला झोप लागते ती फक्त कुणाच्या तरी छातीवर. गादीवर ठेवलं की टक्क डोळे उघडणार आणि जो सूर लावणार तो चौकातल्या रिक्षावाल्यांना ऐकू जाणार. म्हणून ते कॅरियर. मुलीनं सरळ सांगून टाकलं, "तुम्हाला नीट जमलं तर ती तुमच्यापाशी राहील. न्हाय जमलं तर पाळणाघर बघून ठेवलंय मी."

पाळणाघर! आजोबा घरात जिवंत असताना! माझं डोकं असं तापलं की मी त्या दिवशी अर्ध्या जेवणावरनं उठलो.

दुसऱ्या दिवशी मुलगी न्हायला गेलेली बघून मी कपाटातला केशरी सुती फेटा काढला. म्हटलं, तुमची बकलं ठेवा तुमच्यापाशी, बांधणं काय असतं ते दाखवतो. नातीला छातीशी धरलं, बायकोच्या हातात फेट्याचं एक टोक दिलं आणि गिरक्या घेत घेत कापड गुंडाळलं. पीळ कुठं ढिला नाही, कुठं चुणी नाही. शेवटी हौसेनं खांद्यावर छोटासा तुरासुद्धा काढला. नात रडली नाही की हलली नाही. "बघ, कशी गप झाली," मी म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, थांबा, फोटो काढते."

फोटोसाठी मी ऐटीत उभा राहिलो होतो तेवढ्यात मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली. ती थेट माझ्या छातीवर धावून आली. एका हातानं तिनं कापड खाली ओढलं, दुसऱ्या हातानं नातीची हनुवटी वर उचलली. नातीनं एक मोठा श्वास घेतला आणि मग भोकाड पसरलं. त्या रडण्यानं मुलीचे खांदे एकदम खाली आले.

"आप्पा, ती गप झाली नव्हती," ती म्हणाली. "एवढ्या बाळाची मान पुढं पडली, हनुवटी छातीला टेकली, की श्वास कोंडतो. मग रडताबी येत न्हाय. त्यात तुम्ही नाकावरनं कापड घेतलंयसा."

ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ती हळू बोलली. मी फेटा सोडला आणि खुर्चीवर बसलो. आजवर हजारभर डोकी बांधली, पण डोक्याला श्वास घ्यायचा नसतो. पोरीला घ्यायचा असतो. एवढी साधी गोष्ट तुऱ्याच्या नादात माझ्या ध्यानात आली नव्हती. मला भीती वाटली. आता ही पोर पाळणाघरात जाणार, आणि जाईल तेच बरं, असंही मला एकदा वाटून गेलं.

संध्याकाळी मीच मुलीला म्हणालो, "शिकीव."

ती म्हणाली, "आधी तेवढ्याच वजनाचं कायतरी घालून सराव करा. पोरीला नंतर."

बायकोनं तांदळाची पिशवी आणली, पण ती पोटाशी ओघळायला लागली. मग पाहुण्यांच्या गुऱ्हाळावरून आलेला गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, सापडला. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत हा घराच्या कोपऱ्यात असतोच. पाच किलोचा, गोल गरगरीत, वजनाला नातीच्या आसपास. त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि माझी शाळा सुरू झाली.

आधी कमरेचा पट्टा आवळायचा, मग बाळ, मग खांद्याचे पट्टे. प्रत्येक बकल 'टक' वाजलं पाहिजे आणि वाजल्यावरही एकदा ओढून बघायचं. बाळ इतकं उंच पाहिजे की मान वाकवली की त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे. मी रव्याची पापी घेतली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. "आणि काय उचलायचं असंल तर कमरेतनं वाकायचं न्हाय," मुलगी म्हणाली, "एक हात बाळाच्या पाठीला लावून गुडघ्यातनं खाली बसायचं." मी म्हणालो, तालमीत बैठका मारल्यात आम्ही, हे कुणाला सांगतेस? आणि रव्यासकट बसलो. उठायला मात्र टेबलाचा आधार लागला.

मला वाटलं, हात मोकळे राहतात तर एक सोय झाली. "मग नातीला बांधून गाडीवर महाद्वार रोडच्या बाजारात जाऊन यायला काय हरकत न्हाय," मी म्हणालो. मुलीनं अशी नजर टाकली की मी गाडीची किल्ली आपणहून तिच्या हातात दिली. चहा पण बंद. बाळ छातीवर असताना गरम काही प्यायचं नाही. यावर मी भांडलो. संध्याकाळी दूध कट्ट्यावर जागेवरच पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिणं हा माझा नेम आहे आणि ते दूध काही उकळतं नसतं, नुसतं कोमट असतं. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं, की दूध चालेल, पण म्हशीपासून लांब उभं राहायचं आणि ग्लास दुसऱ्यानं आणून द्यायचा.

सरावासाठी मी रवा बांधून गल्लीतून फेरी मारायला लागलो. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाई लगबगीनं आल्या. "अगं बाई, नातीला घेऊन निघालासा व्हय? बघू की!" मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी टॉवेल बाजूला केला. आत गूळ बघून त्यांनी टॉवेल पुन्हा झाकला. मग म्हणाल्या, "आप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?" त्या दिवसापासून अख्खी गल्ली मला विचारते, गूळ झोपला का. आठवड्यानं रव्याला मुंग्या लागल्या आणि मुलीनं मला पास केलं.

पास म्हणजे अर्धवट पास. नातीला बांधलं की मुलगी दर वेळी तपासायची. हनुवटीखाली दोन बोटं घालायची, जागा आहे का बघायला. मानेला मागून हात लावायची, घाम आलाय का बघायला, कारण बायकोचं स्वेटर, कानटोपी आणि वर शाल घातल्याशिवाय भागत नाही, आणि माझ्या छातीची ऊब ती मोजतच नाही. मग नातीचे गुडघे बेडकासारखे वर आहेत का ते बघायची. शेवटी मला हुकूम, "पापी घेऊन दाखवा." घरातून निघताना हे सगळं आणि परत आलो की पुन्हा सगळं. मी एकदा वैतागलो. "अगं, विमानतळावर बी एवढं तपासत न्हाईत!" ती म्हणाली, "तिथं माझी पोरगी नसती."

दूध कट्ट्यावर पहिल्यांदा नातीला घेऊन गेलो तो दिवस मात्र माझा होता. माझे सगळे दोस्त ग्लासाला मिशा लावून उभे होते. एकजण ओरडला, "काय ओ पावणं, ह्या वयात पोटाला काय बांधलंय?" मी छाती पुढं काढून नात दाखवली. सगळे गोळा झाले. त्यातल्या एकाला माया अनावर झाली. म्हणाला, "वारं लागंल की पोरीला," आणि गळ्यातला मफलर काढून तिच्या तोंडावर टाकायला लागला. मी असा गरजलो की पलीकडची म्हैस बाजूला सरकली. "हात काढ! तोंड झाकायचं न्हाय! नाक मला दिसलं पायजे!" तो बिचारा मफलर घेऊन मागं सरला. "एवढं काय झालं ओरडायला?" तो म्हणाला. मी त्याला हनुवटीपासून टाळूपर्यंत सगळं समजावून सांगितलं. दुधाचा फेस बसून गेला तरी माझं चालूच होतं.

मग रजेनंतरचा मुलीचा कामावरचा पहिला दिवस आला. मी सकाळी लवकर अंघोळ करून नातीला बांधलं आणि दारात ताठ उभा राहिलो, तपासणीला. मुलगी डबा, पर्स, हेल्मेट घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरलेले होते. तिनं नातीच्या पायाला हात लावला, हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि निघाली.

"अगं ए!" मी ओरडलो. दुकानदारीणबाईंनीसुद्धा मान बाहेर काढली. "तपासलं न्हाईस!"

तिनं गाडी थांबवली, मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही बांधलंयसा न्हवं? मग काय बघायचं?"

आणि गेली.

मी गल्लीत तसाच उभा राहिलो. इतका आनंद मला नवरदेवांच्या बापांनी पाठ थोपटली तेव्हाही कधी झाला नव्हता, आणि इतकं धडधडलंही नव्हतं. नातीच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली. जागा होती. मानेला हात लावला, कोरडी होती. वाकून टाळूची पापी घेतली. तरी मन ठरेना. आयुष्यात मी एकही फेटा कधी कुणाकडून तपासून घेतला नव्हता. मी घरात वळलो आणि बायकोला हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये की. बघ, नीट बांधलंय का मी."