‘नाही’ म्हणायचं कुणी?

आर्डिस नॉर्डबीला उभ्या जन्मात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. दोष तिचा एकटीचा नव्हे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, टॅमरॅक फॉल्स गावात, ‘नाही’ म्हणणं शिवी देण्याच्या वरताण समजतात. चर्चच्या जेवणात कुणाचा पदार्थ फसला, तर लोक चमचाभर खाऊन म्हणतात, “वेगळं लागतंय हं.” तेवढ्यावर शहाण्या बाईने भांडं झाकावं आणि घरी न्यावं. तरुणपणी एका सुताराने आर्डिसला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती “बघू या” म्हणाली. तो बिचारा दोन वर्षं बघत राहिला, आणि बघता बघता त्याने तिच्या घराची ओसरी नवी करून दिली. शेवटी त्याने दुसरीशी लग्न केलं, त्या लग्नाला केकही आर्डिसनेच नेऊन दिला.

अशा बाईला गावच्या शाळेने काम कुठलं द्यावं? तर बारावीच्या मुलांना कुणी कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा ते सांगायचं. सव्वीस वर्षं ती ते मन लावून करत होती, आणि सव्वीस वर्षं कॉलेजांच्या नावाने बोटं मोडत होती. विशेषतः जी कॉलेजं नोव्हेंबरात लवकरचा अर्ज मागतात आणि डिसेंबरात निकाल लावतात, त्यांच्या नावाने. निकाल लागणार शुक्रवारी संध्याकाळी पाचला, शाळेला कुलूप लागल्यावर. मुलांनी रडायचं कुणाजवळ, तर घरच्या कुत्र्याजवळ. शिवाय पत्राची भाषा अशी, की वाचणाऱ्याला आपल्याला मिठी मारलीय की ढकललंय तेच कळू नये.

त्या सोमवारी सकाळी वेन साल्मेला तिच्या खोलीत आला. वेन गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ उपसणारी गाडी चालवायचा. लहानपणी शाळेत तो आर्डिसच्याच वर्गात होता. त्याच्या डोक्यावर पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजची निळी टोपी होती, हातात केकचा डबा, आणि मागे त्याची मुलगी लाइला, खाली मान घालून.

“झालं बघ, आर्डिस,” वेन म्हणाला. “घेतलं पोरीला. कॉम्प्युटरवर पत्र उघडलं आणि पडद्यावर कागदाचे सोनेरी कपटे उडायला लागले. मी तर स्वयंपाकघरात नाचलो. बाकीची सात कॉलेजं आता मरू देत, कशाला उगाच लिहीत बसायचं?”

आर्डिसने त्याने छापून आणलेलं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ‘प्रिय लाइला, तुझा अर्ज वाचणं हा आमच्यासाठी आनंदाचा अनुभव होता. तुझी आमची गोष्ट इथे संपत नाही. वसंतात, अधिक मोठ्या गटासोबत, आम्ही तुझा पुन्हा विचार करू.’ घेतलं नव्हतं. अर्ज पुढच्या फेरीत ढकलला होता, आणि त्या फेरीतून दहात एखादं पोर आत जातं. बाकीच्या कॉलेजांची मुदत एक जानेवारीला संपत होती. शाळा बुधवारपासून नाताळसाठी बंद, आणि शाळेचे कागद तिनेच पाठवायचे होते. म्हणजे हे दोन दिवस गेले, की पोरगी वर्षभर घरी.

“पत्र जरा वेगळं आहे, वेन,” ती म्हणाली.

गावातल्या कुठल्याही शुद्धीवरच्या माणसाला एवढं पुरलं असतं. पण वेन शुद्धीवर नव्हता. “असणारच. पोरगीच वेगळी आहे माझी,” तो म्हणाला आणि केक कापायला सुरी शोधू लागला.

“तुम्ही दोघं बसा. मी एक फोन करून आले,” म्हणत आर्डिस बाजूच्या खोलीत पळाली. आपण नको बोलायला, कॉलेजनेच सांगावं. फोनवर एक गोड आवाजाचा तरुण आला.

“लाइला साल्मेलाला घेतलंत का?”

“लाइलाचा अर्ज वाचताना आम्हाला फार आनंद झाला.”

“तो पत्रात पोचला. घेतलंत का?”

“तिला वसंतात पुन्हा भेटायला आम्ही उत्सुक आहोत.”

“मग ते सोनेरी कपटे कशाला उडवलेत?”

“ते सगळ्यांसाठीच आहेत, मॅडम. मुलांनी केलेल्या कष्टांचा सन्मान म्हणून.”

“म्हणजे नाही.”

“आम्ही तो शब्द वापरत नाही.”

“इथेही कुणी वापरत नाही,” आर्डिस म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. सव्वीस वर्षं ज्यांच्या नावाने ती बोटं मोडत होती, त्यांच्यात आणि तिच्यात फरक काय? त्यांच्याकडे कपटे होते, एवढाच. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

ती परत आली तेव्हा केकचे तुकडे झाले होते. ती बसली नाही, बसली असती तर हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या असत्या.

“नाही, वेन,” ती म्हणाली. “त्यांनी तिला घेतलेलं नाही.”

शब्द इतका मोठ्याने निघाला, की बाहेरच्या टेबलावरची कारकून बाई डोकावून गेली. वेनने सुरी खाली ठेवली. आधी त्याने आर्डिसकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग पोरीकडे. लाइला रडू लागली, पण रडताना तिचे खांदे सैल पडले होते.

“मला शुक्रवारीच कळलं होतं, बाई,” ती म्हणाली. “पण बाबा नाचायला लागले. आई गेल्यापासून ते नाचलेच नव्हते. मग मला बोलवेना. आज कुणीतरी सांगेल, उद्या कुणीतरी सांगेल, म्हणून मी थांबले.”

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. वेनने ती निळी टोपी काढून खिशात कोंबली आणि खुर्ची ओढून पोरीच्या शेजारी बसला.

“ते सात अर्ज काढ,” तो तिला म्हणाला. “आणि माझी काळजी करू नकोस. मी काय, कपटे उडाले नाहीत तरी नाचेन.”