मध्यंतराला संपणारा सिनेमा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. शहाद्याजवळच्या तापीकाठच्या एका गावात मी बालवाडी चालवत होते. कापूस वेचून झाला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू लागायचा. अख्खं गाव लोटायचं, आणि लहान पोरं सगळ्यांत पुढे, पडद्याला नाक लावून! मध्यंतराला, रात्र झाली म्हणून, त्यांना तिथून उठवून घरी नेणं म्हणजे रोजची रडारड. कुणी मातीत लोळायचं, कुणी आईला चावायचं, आणि मग पाठीत धपाटे.

माझी पोरं मात्र रडत नसत. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते — खोटं कशाला बोलू? मध्यंतराचे दिवे लागले की मी हळूच म्हणायची, "चला, पडद्याला रामराम करा." सगळी हात जोडायची, एकमेकांचा सदरा धरायची आणि रांगेत बाहेर. ना आवाज, ना मार. लोक वळून बघायचे. एका गुजर पाटलीणबाईंनी तर चारचौघांत म्हटलं, "बाई, पोरं तुमनं कितलं ऐकतस!" कोणाला आवडणार नाही असं ऐकायला?

पण ती ऐकत का होती?

कारण मी त्यांना सांगितलं होतं — सिनेमा संपला. दिवे लागले की संपतो. नंतर दाखवतात ते मोठ्यांचं, वेगळंच. चार-पाच वर्षांची पोरं. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना घरोघरी आजीआजोबांच्या हवाली करून मी परत तंबूत यायची आणि उरलेला सिनेमा निवांत बघायची.

एवढंच असतं तर सांगायला बसले नसते.

माझ्या बालवाडीत रमी होती. तिची आई छातीच्या आजारानं धुळ्याच्या दवाखान्यात होती, कितीतरी महिने. आई कधी येईल, म्हणून रमी रोज दारात उभी राहून विचारायची, "बाई, मन्ही माय कधी ई?" त्या वर्षी एक सिनेमा आला. त्यात पुरात आई आणि मुलगी यांची ताटातूट होते. मुलगी काठावर हाका मारते — आणि दिवे लागतात.

रमीनंही पडद्याला रामराम केला. बाहेर आल्यावर माझं बोट ओढून म्हणाली, "बाई, ती माय परत उनी का?"

मी काय म्हणायला हवं होतं? सिनेमा अजून बाकी आहे, आई परत आली का ते पुढे दाखवतील, एवढंच ना? पण बाकीची पोरं ऐकत होती. मी म्हणाले, "संपला ना गं सिनेमा. दिसलं तेवढंच."

मग मी परत गेले. आई सापडली. मुलगी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. आजूबाजूच्या बायकांसारखी मीही पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून रमीनं विचारणं सोडलं. मला कळलं होतं — का सोडलं, ते नीट कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तिला खरं सांगितलं की सगळ्यांना कळणार, पुढच्या खेळाला रांग मोडणार, आणि बाईंचं नाव जाणार. 

पावसाळ्याच्या तोंडाला तिची आई बरी होऊन आली. एस.टी.तून उतरली ती घरीही न जाता थेट बालवाडीत. वाळून काटकी झालेली, हात पसरून उभी. "रमे, ये ना व माय!" रमी माझ्या मागे लपली. माझं लुगडं घट्ट धरून म्हणाली, "हाई मन्ही माय नही. मन्ही माय वाही गई."

आई मटकन खाली बसली. दारातल्या बायका हळहळल्या, एक म्हणाली, "पोरले बाईनाच लळा लागना."

लेकीला बाईंचा लळा लागला, असंच सगळ्यांना वाटलं; खरं काय ते कुणालाच कळलं नाही. रमीला आईच्या कुशीत निजायला दिवाळी उजाडली. तोवर तिची आई रोज दुपारी येऊन, लेकीनं आपल्याकडे बघावं म्हणून दारात बसत होती.

आणि त्या दिवशी? रमीची मूठ माझ्या लुगड्यात होती, आई भुईवर रडत होती, आणि मला — बरं वाटत होतं. अभिमान वाटत होता.