लॅकरखालचा पंजा

धक्क्यावर त्या दोघी बहिणींना नावाने कुणी हाक मारलीच नाही. थोरली आणि धाकटी, बस्स. फेरीबोटींच्या पितळी कठड्यांना झळाळी देणं हा दोघींचा पोटापाण्याचा धंदा. खाऱ्या वाऱ्याचं पितळेशी हाडवैर. आज घासावं तर चार दिवसांत काळवंडलंच. म्हणून घासून, पुसून, कोरडं करून वर पारदर्शक लॅकरचा ब्रश फिरवायचा. मधल्या वेळात उघडं बोट लागलं, की घामाचा ठसा लॅकरखाली कोंडलाच म्हणून समजा.

एके दिवशी थोरली पाय घसरून पाण्यात गेली, ती सापडलीच नाही. धाकटी एकटीच कामाला लागली.

पहिल्याच कठड्यावर डाग उठला. अख्खा पंजा, करंगळी बाहेर वळलेली.

"मावशी, हातमोजे घालायला विसरलात वाटतं," कप्तान म्हणाला.

"विसरेनही. पण माझी करंगळी कधी वाकडी झाली?" धाकटी हसायला गेली आणि वाकून डाग न्याहाळू लागली. लहानपणी दारात चेमटून करंगळी वाकडी झाली होती ती थोरलीची.

तिने लॅकर खरवडलं, कठडा पुन्हा घासला, पुन्हा लॅकर लावलं. सकाळी पंजा जागच्या जागी. वरून नख फिरवलं तर सगळं गुळगुळीत. डाग आतून होता.

तिसऱ्या खेपेला ती पितळ पुसून तिथेच बसून राहिली. भर दुपार. वारा पडलेला, बोटीवर चिटपाखरू नाही. एकाएकी कुणी फुंकर घालावी तसं पितळ धुरकटलं. त्यात एकेक बोट उमटत गेलं. हात मात्र कुठेच नव्हता. तळातल्या गाळाचा थंड वास आला.

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी तोंडातून रोजचंच वाक्य निघालं, "ताई, हात काढ गं. काम खोळंबलंय."

बोटं थबकली. मग अंगठ्यापासून एकेक विरत गेली. करंगळी तेवढी जरा रेंगाळली.

तिने लॅकर लावलं. डाग पुन्हा आला नाही.

"आता कसं लख्ख!" कप्तान खूश.

धाकटीने लॅकरच्या डब्याचं झाकण लावलं. पुढे कुठल्याही बोटीवर घासून-पुसून झालं, की ती डबा न उघडताच उघड्या पितळेपाशी बसून राही.

"कशासाठी थांबलात?" कुणी विचारायचं.

"वाळू दे जरा," ती म्हणायची.

पितळ केव्हाच वाळलेलं असायचं.